सोन्याचं पाणी

मनमोहन वेलकरांचे ओठ सुजलेत हे सगळ्यात आधी दूधवाल्याच्या लक्षात आलं. त्या आठवड्यात वेलकरांच्या तोंडाकडे नीट पाहिलेला तो एकटाच माणूस होता. पिशवी हातात देता देता तो थबकला आणि म्हणाला, "अंकल, ओठाला काय झालं? माशी चावली काय?" वेलकर "काही नाही, थंडी," असं पुटपुटले आणि दार लावून आरशापुढे गेले. खालचा ओठ मधोमध फुगला होता, वरच्यावर लाल चट्टा उठला होता आणि कातडी सोलून निघत होती. चहाचा पहिला घोट घेतला तशी अशी काही आग झाली की डोळ्यांत टचकन पाणी आलं. थंडी म्हणावी तर गिरगावात कसली आलीय थंडी! डोक्यावर पंखा गरगरत होता.

वेलकर राहतात ठाकुरद्वारच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. जुनं प्रभू घराणं. पणजोबांची स्वतःची घोडागाडी होती, आजोबा कोर्टात मोठे कारकून होते, वडिलांनी उरलीसुरली एक चाळ विकली आणि वेलकरांच्या वाट्याला दोन खोल्या, एक सज्जा आणि नाक जरा वर ठेवून बोलायची सवय एवढं आलं. लग्न राहून गेलं. आधी धाकट्या बहिणीचं व्हायचं होतं, मग वडिलांचं दुखणं निघालं, मग आई म्हणाली, "आता तुझ्या मनाला येईल तसं कर," आणि मनाला काही आलंच नाही. नोकरी विमा कंपनीत, सर्वेअरची. कॉटन ग्रीनच्या एखाद्या गोदामाला आग लागली की दुसऱ्या दिवशी वेलकर पँट दुमडून त्या काळ्या पाण्यात उभे. कुठला माल खरोखर जळला आणि कुठला नुसता सांगण्यात जळला, हे त्यांना मालकाच्या दोन वाक्यांत कळायचं. वेलकरांपुढे थापा पचत नाहीत, असं कंपनीत म्हणत. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. थापा मारायलासुद्धा कोणी येत नाही.

यापुढचं जे आहे ते वेलकरांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणून ते आपणच सांगून टाकू.

त्यांच्या आईच्या देव्हाऱ्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. मुठीत मावेल एवढा, एक गुडघा टेकलेला, उजव्या हातात लोण्याचा गोळा. आपल्याकडे मुलीला सासरी पाठवताना बाळकृष्ण देतात, तसा तो आईबरोबर तिच्या माहेरून या घरात आला. आई रोज सकाळी त्याला कोमट पाण्याने आंघोळ घालायची, मऊ फडक्याने पुसायची, आणि पुसून झालं की त्याचा पापा घ्यायची. अगदी चट्‌कन आवाज करून. शेवटच्या दुखण्यात तिने लेकाला एवढंच बजावलं होतं, "त्याला पारोसा ठेवू नकोस रे."

वेलकर काही देवभोळे नव्हेत. पण दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईच्या शब्दाखातर त्याला आंघोळ घातली. पुसला. आणि फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले, कारण यानंतर आई काय करायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. साठीला टेकलेल्या माणसाने देवाचा पापा घ्यायचा म्हणजे काय हे! त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग घेतला. गारगार पितळ ओठांना लागलं, चंदनाचा वास आला, आणि वेलकर मोरीच्या कट्ट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. आई गेल्यापासून आपण कोणालाही हात लावलेला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. एकट्या माणसाला तसे स्पर्श होतच असतात. बसमध्ये शेजाऱ्याचा खांदा लागतो, सुट्टे घेताना भाजीवालीची बोटं लागतात. पण आपण होऊन, मायेने, दिवसाकाठी वेलकर ज्याला जवळ घेत तो जीव म्हणाल तर हा एवढाच. तो पापा बंद झाला असता तर दिवसात दुसरं काही नव्हतं.

बहीण राजलक्ष्मी दादरला राहते. तिच्या मुलीचं, ऋग्वेदाचं लग्न ठरलं तेव्हा ती सीताफळं घेऊन आली. सीताफळं टेबलावर ठेवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"दादा, आईचा बाळकृष्ण ऋग्वेदाला दे. तो मुलीकडेच जायचा असतो. खरं तर माझ्याकडे यायला हवा होता, पण मी कधी काही बोलले?"

"आईने तो माझ्यावर सोपवलाय."

राजलक्ष्मी देव्हाऱ्यापाशी गेली, चष्मा कपाळावर चढवून वाकली. "सोपवलाय म्हणे! बघ तरी, कसा काळवंडलाय. घरात बाईमाणूस नाही, देवाचे नुसते हाल."

वेलकरांच्या ते काळजात घुसलं. हाल? याचे हाल? रोज कोमट पाणी करणाऱ्या, गुडघ्यांच्या खाचांतलं पाणी टिपून घेणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? उत्तर तोंडावर आलं होतं, पण ते द्यायचं तर पाप्याचं सांगावं लागलं असतं. वेलकरांनी दात आवळले आणि "मी नाही देणार," एवढंच म्हणाले. राजलक्ष्मीने पर्स उचलली. सीताफळं तिथेच पिकून काळी पडली.

आणि मग वेलकरांनी ती चूक केली. बाळकृष्णाला रुमालात गुंडाळून ते भुलेश्वरला एका पॉलिशवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "सोन्याचं पाणी द्या. चांगलं द्या, हयगय नको." बहिणीच्या एका टोमण्यासाठी त्यांनी आईचा बाळकृष्ण असा सोन्याने मढवून आणला की देव्हाऱ्यात दिवा लावायची गरज वाटेना. राजलक्ष्मीने ऋग्वेदाला लग्नात दुकानातून दुसरा घेतला, चांदीचा. वेलकर लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, जेवले आणि घरी आले. त्यानंतर राजलक्ष्मीचा फोन यायचा बंद झाला. दिवाळीला मोबाइलवर पणतीचं एक चित्र आलं, सगळ्यांना धाडतात ते.

सोन्याचं पाणी चढल्यावर काही महिन्यांनी ओठ सुजायला लागले. तुमच्या-आमच्या लक्षात येईल ते वेलकरांच्या येत नव्हतं. सोन्याने कधी कोणाला काही होतं का?

समोरच्या खोलीत शामराव राहतात, मूळ मालवणचे. त्यांच्यापाशी प्रत्येक दुखण्यावर औषध तयार असतं. गॅलरीत गाठ पडली तशी ते वेलकरांचा ओठ निरखून म्हणाले, "अरे, ह्याका काय लागता? कोकमाचा तेल लाव. नि झोपताना बेंबीत दोन थेंब खोबरेल सोड. सकाळी ओठ बघ, लोण्यासारखो." वेलकरांनी कोकमतेल लावलं. बेंबीत खोबरेलही सोडलं. पणजोबांची घोडागाडी आठवून थोडी लाज वाटली, पण सोडलं. साय लावून पाहिली, तूप लावून पाहिलं. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा चट्टा, पुन्हा खपल्या. बोंबलाचं कालवण सुटलं, लोणचं सुटलं. दूधभातावर दिवस निघायला लागले. आणि ओठ सुकले की ते जिभेने ओले करायचे, त्याने आणखी फुटायचे.

शेवटी दादरला गोखले रोडवर एक त्वचेच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे गेले. डॉ. अवनी. वयाने लहान, ऋग्वेदापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिने हातमोजे चढवले, दोन बोटांनी वेलकरांची हनुवटी धरली आणि चेहरा हळूच दिव्याकडे वळवला. वेलकरांनी डोळे मिटून घेतले. तपासणं संपलं तरी ते क्षणभर तसेच बसून राहिले, तेव्हा तिला वाटलं, यांना फार दुखतंय.

"काका, ओठांना काय काय लागतं तुमच्या? टूथपेस्ट, बाम, पान, सिगरेट?"

"टूथपेस्ट. बाकी काही नाही."

"आणि घरात लहान मुलं? नातवंडांचे पापे वगैरे? हसू नका हं, त्यांच्या गालाला लावलेलं क्रीमसुद्धा बाधतं कधी कधी."

वेलकर हसत नव्हते. त्यांचे कान तापले होते. "मी एकटाच असतो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी एक मलम दिलं, थोडेच दिवस लावायचं, जास्त नाही असं दोनदा बजावलं. वरून साधं बिनवासाचं व्हॅसलिन. पेपरमिंटवाली टूथपेस्ट बंद, तिखट बंद, आणि ओठांवरून जीभ फिरवायची नाही. वेलकरांनी सगळं मनापासून पाळलं. मलम लावत होते तोवर ओठ निवले. मलम थांबवलं तसे पुन्हा सुजले. सकाळचा पापा चालूच होता. ओठांची आग होत असायची तेव्हा ते अगदी अलगद टेकवायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या की कशाची तरी ॲलर्जी आहे, ती शोधून काढू. पाठीवर चिकटपट्टीच्या ओळी लावल्या, प्रत्येकीखाली कसलं कसलं औषध. "पाठ भिजवायची नाही. पट्टी सुटली तर घरातल्या कोणाला तरी दाबून बसवायला सांगा." एक कोपरा त्याच संध्याकाळी सुटला. वेलकरांचा हात तिथवर पोचेना. दोनदा ते शामरावांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. सदरा काढून दुसऱ्यापुढे पाठ करायची, हे काही जमेना. मग त्यांनी दाराच्या चौकटीला पाठ घासून पट्टी बसवली आणि रात्रभर उपडे झोपले.

पट्ट्या काढल्या तर एका जागी लाल गांधी उठली होती. "निकेल," डॉक्टर म्हणाल्या. "हा धातू तुम्हाला चालत नाही. तोंडात धातूचं काही धरता का? पिन, पेन, चावी?"

वेलकरांच्या डोळ्यांपुढे देव्हारा आला. पण मनाने लगेच खोडून काढलं. तो पितळेचा आहे, वर सोनं आहे, निकेल आलं कुठून? आणि दुसरं मन, जे इतकी वर्षं गोदामांत फिरलं होतं, ते म्हणालं, काहीतरी पटण्यासारखं सांगून मोकळा हो.

"चावी," वेलकर म्हणाले. "दोन्ही हातांत पिशव्या असल्या की कुलूप उघडताना चावी दातांत धरतो. इथे, उजव्या कोपऱ्यात."

खोटं बोलणारा नेहमी एक तपशील जास्तीचा देतो, हे नव्या सर्वेअरांना शिकवायचे ते वेलकरच.

घरी येऊन त्यांनी स्टीलचे चमचे बाजूला काढले आणि लाकडी चमचा आणला. सकाळी बाळकृष्णाला पुसून हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या गालावर तुळशीचं पान ठेवलं आणि त्यावरून पापा घेतला. तो काही खरा वाटेना. पान बाजूला केलं.

महिन्याभराने ओठाच्या मधोमध एक चीर पडली, ती मिटेना. डॉक्टरांनी पुन्हा हनुवटी धरली, दिवा जवळ ओढला, बराच वेळ पाहिलं.

"चावी सोडली?"

"सोडली."

"कुठे धरायचात म्हणालात?"

"उजव्या कोपऱ्यात."

"कोपरा तर स्वच्छ आहे, काका. जे आहे ते सगळं मधोमध आहे."

आग मागच्या दाराला लागली, मग माल पुढचा कसा जळला, असं त्यांनी कितीतरी मालकांना याच सुरात विचारलं होतं. तेव्हा मालकांच्या कपाळाला घाम यायचा. आता तो त्यांच्या कपाळाला आला.

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने दिवा मागे सारला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. कारण सापडत नसेल तर मला ओठाचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. या वयात खालच्या ओठाची चीर मिटत नसेल तर तिच्यामागे दुसरं वाईट काही नाही ना, ते बघायलाच हवं."

"काढा," वेलकर म्हणाले.

"लोक आधी घाबरतात."

"मी नाही घाबरत. काढा." आणि खरंच, पाप्याचं सांगण्यापेक्षा ओठ कापून घेणं त्यांना सोपं वाटत होतं.

"उद्या काढू. सोबत कोणाला तरी आणा. टाका पडेल, कोणाकोणाला चक्कर येते. एकट्याला घरी नाही सोडणार मी."

"सोबत कोणी नाही."

"शेजारी?"

"शामराव आहेत. पण त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरत नाहीत."

"भाऊ? बहीण?"

"बहीण आहे. सध्या बोलत नाही."

"असं कसं, काका? घरात अगदी कोणीच नाही?"

किती साधा प्रश्न. पण डॉक्टरचा आवाज मऊ होता, हनुवटीवर अजून तिची बोटं होती, आणि वेलकरांच्या आत काहीतरी सुटलं.

"एक आहे," ते म्हणाले. "पण तो अजून रांगतो."

डॉक्टरांनी हात काढला. "नातू?"

"बाळकृष्ण. आईचा. पितळेचा आहे." एकदा बांध फुटल्यावर मग सगळंच बाहेर आलं. आईचं, पहिल्या सकाळचं, खिडकी लावून घेतल्याचं, राजलक्ष्मीच्या टोमण्याचं, सोन्याच्या पाण्याचं. "रोज पापा घेतो मी त्याचा. मला माहीत आहे, हे वेड्यासारखं आहे. चावी मी कधी तोंडात धरली नाही. तुम्ही मला हसलात तरी चालेल, पण त्याचा पापा घेऊ नका असं तेवढं सांगू नका."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "गालावर घेता?"

"गालावर. कधी नाकावर."

"उद्या त्याला घेऊन या. तुकडा काढायचं नंतर बघू."

'मूर्तीला' नाही म्हणाल्या, 'त्याला' म्हणाल्या. तेवढ्याने वेलकरांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेलकर बाळकृष्णाला सदऱ्याच्या खिशात ठेवून बसने दादरला गेले. वाटभर एक हात खिशावर होता. डॉक्टरांनी त्याला तळहातावर घेतला, आधी जरा कौतुकाने पाहिलं, मग एका बाटलीतले थेंब कापसाच्या बोळ्यावर घेतले आणि तो बोळा त्याच्या गालावर घासला. पांढरा कापूस बघता बघता गुलाबी झाला.

"हे निकेल," त्या म्हणाल्या. "सोन्याचं पाणी नीट बसावं म्हणून खाली निकेलचा थर देतात. वरचं सोनं अगदी पातळ. जिथे रोज फडकं फिरतं, रोज ओठ लागतात, तिथे ते आधी जातं. बघा ना, गालावर गेलंच आहे."

"मीच केलं हे," वेलकर म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत, काका?"

"पाणी उतरवलं तर?"

"उतरवून बघा. पण तोवर नाही. काही दिवस ओठ लावले नाहीत तर चीर आपोआप मिटेल, तुकडा काढायची वेळसुद्धा येणार नाही. लावलेत, तर मी कितीही मलम दिलं तरी पुन्हा हेच." मग म्हणाल्या, "आणि ही ॲलर्जी जन्माची असते. जात नाही."

वेलकर तिथून थेट भुलेश्वरला गेले. पॉलिशवाल्याने बाळकृष्णाला उलटा केला, टिचकी मारली, कानाशी धरला. "साहेब, जुनं ओतकाम आहे, आतून पोकळ. तेजाबात टाकलं तर हात तरी जाईल नाहीतर तोंड. मी नाही जबाबदारी घेणार." वेलकरांनी त्याला पटकन परत खिशात घातला.

मग पाप्याशिवायचे दिवस सुरू झाले. पहिल्या सकाळी पुसून झाल्यावर त्यांनी त्याला हातात घेतला आणि तसाच परत ठेवला, आणि दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं होत राहिलं. ओठ मात्र सुधारायला लागले. खपल्या गेल्या, चीर मिटली, चहाची चव लागायला लागली. डॉक्टर खूश झाल्या, म्हणाल्या, "मस्त! आता यायची गरज नाही." वेलकर बसस्टॉपवर उभे राहिले तेव्हा त्यांना रडू येत होतं. आता हनुवटी धरून दिव्याकडे वळवणारंही कोणी राहिलं नव्हतं.

घरी आंघोळ चालूच होती, पण ती लवकर उरकायला लागली. पाणी कोमट करायचा कंटाळा यायला लागला, नळाचंच चालतंय म्हणून घेतलं. खाचांतलं पाणी टिपायचं राहायला लागलं. आणि एके दिवशी दुपारी पेपर वाचता वाचता वेलकरांच्या लक्षात आलं की आज त्याला आंघोळच घातलेली नाही. ते उठून देव्हाऱ्यापाशी गेले. बाळकृष्ण गुडघ्यावर टेकून, लोण्याचा गोळा पुढे करून, होता तसाच होता. वेलकरांना दरदरून घाम फुटला. असंच होत जाणार. आज आंघोळ चुकली, उद्या फुलं चुकतील, आणि मग तो नुसता एक धातूचा तुकडा होऊन कोपऱ्यात बसेल, कोणाचा हात न लागता. ते काय असतं हे वेलकरांना पुरेपूर ठाऊक होतं. या घरात असा एक जण आहे तेवढा पुरे, त्यांनी ठरवलं, आणि तडक ऋग्वेदाला फोन लावला.

शनिवारी ती आली. लग्नानंतर परळला एका उंच टॉवरमध्ये राहते, ऑफिस लोअर परळला. आली तीच घाईत.

"मामा, सिरियसली देताय? मम्माला माहितीये?"

"तू सांग तिला. सांग, दादाने पाठवलाय."

"पण आमच्याकडे एक आहे ना ऑलरेडी. चांदीचा."

"असू दे. दोघं खेळतील."

ऋग्वेदा हसली. वेलकरांनी बाळकृष्णाला शेवटची आंघोळ सकाळीच घातली होती, कोमट पाण्याने, सावकाश. आता तो मऊ फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. "पाणी फार गरम नको. गुडघ्याच्या खाचेत फडकं नीट फिरव, तिथे पाणी राहतं."

"ओके."

"लोणी असलं तर ठेव. नसलं तर साखर चालते. कुरकुर करत नाही."

"ओके मामा. आणखी काही?"

वेलकरांनी तोंड उघडलं. डॉक्टरपुढे सगळं सांगून झालं होतं, तेव्हा आता काय कठीण होतं? पण ही राजलक्ष्मीची मुलगी, घरी जाऊन आईला सांगणार, जावई ऐकणार, चारचौघांत हसतील. "नाही," ते म्हणाले. "एवढंच."

तिने बाळकृष्णाला बॅगेत ठेवलं, लॅपटॉपच्या चार्जरशेजारी, आणि चेन ओढली. वाकून नमस्कार केला, मोबाइलवर टॅक्सी बोलावली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

वेलकर सज्ज्यात आले. खाली गल्लीत शनिवारची वर्दळ होती. इस्त्रीवाला शर्टावरून इस्त्री फिरवत होता, कोपऱ्यावर पोरं बाइकवर बसून गप्पा छाटत होती, शहाळेवाल्यापाशी दोन बायका उभ्या होत्या. ऋग्वेदा मोबाइलमध्ये डोकं घालून टॅक्सीची वाट बघत होती. टॅक्सी आली की संपलं. मग त्याला आंघोळ मिळेल, लोणी मिळेल, सगळं मिळेल, आणि ते एक कधीच मिळणार नाही, कारण ते सांगायला वेलकरांना लाज वाटली. त्यांनी कठडा घट्ट धरला.

"ऋग्वेदा!"

तिने वर पाहिलं. "काय मामा? काही राहिलं?"

"आंघोळ झाली की त्याचा पापा घ्यायचा!"

नेमका तेव्हाच कोणीतरी हॉर्न वाजवला. तिने कानाशी हात नेला. "काय?"

"पापा घ्यायचा त्याचा!" वेलकर छाती फुटेल एवढ्या मोठ्याने ओरडले. "रोज! गालावर! त्याला सवय आहे!"

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. बाइकवरची पोरं वर बघायला लागली. शहाळेवाल्यापाशी उभी असलेली एक बाई दुसरीला कोपराने ढोसून हसली. ऋग्वेदा मात्र हसली नाही. ती मान वर करून त्या सज्ज्याकडे, त्यात एकट्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही घ्यायचात?" तिने खालून विचारलं.

"हो," वेलकर म्हणाले. "रोज."

टॅक्सी आली. तिने खांद्यावरची बॅग काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तशीच आत बसली. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळली. पोरं पुन्हा गप्पांना लागली, इस्त्री पुन्हा शर्टावरून फिरायला लागली. वेलकर कठडा धरून उभे होते. इतक्या मोठ्याने ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. त्यांनी ओठांवरून बोट फिरवून पाहिलं. कुठे फुटलं नव्हतं, आग होत नव्हती, रक्त नव्हतं. ओठ पूर्ण बरे झाले होते.